शून्याचं टोक

कात्री कापडाच्या मध्यावर आली होती, तेवढ्यात दादानं कापून ठेवलेल्या बाह्यांवरच प्रुफांचा गठ्ठा टाकला. धाकटीनं गठ्ठा उचलून खुर्चीवर सरकवला आणि कड संपेपर्यंत मान वर केली नाही. तीस वर्षं ती हे शिवणाचं दुकान चालवत होती. कापायच्या टेबलावर कागद, कप, कोपर, काहीही ठेवलेलं तिला खपत नसे. दादाला हे माहीत होतं, पण दादा तो दादाच.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि दर सुट्टीत बायकोपोरांना घेऊन समुद्रकाठचे जुने किल्ले आणि लढायांची मैदानं पालथी घालायचे. बघून समाधान व्हायचं नाही त्यांचं. तट, बुरूज, दरवाजे, जे दिसेल ते मोजायचे. त्या मोजमापांच्या वह्यांचं दादा आता पुस्तक करत होता आणि परवा ते छापायला जाणार होतं. धाकटीकडून त्याला एवढंच हवं होतं की प्रकाशनाच्या दिवशी टेबलावर मांडायला बाबांच्या टेपसाठी एक मखमली पिशवी शिवून द्यावी. टेप त्यानं बरोबरच आणला होता. कातडी डबीत गुंडाळलेली कापडी पट्टी, बाजूला पितळी मूठ.

धाकटीनं हात पुसून प्रुफाचं पहिलं पान वाचलं. दादानं लिहिलं होतं: टेपचं एक टोक बाबांच्या हातात असायचं, दुसरं माझ्या.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"टोक तू धरायचास?"

"अगं, प्रस्तावनेत असं लिहायची पद्धत असते," दादा म्हणाला. "तू काय नि मी काय, एकच."

एकच म्हणे! दादा वही घेऊन सावलीत बसायचा, बाबा आकडा ओरडायचे आणि हा तो लिहून घ्यायचा. टोक धरलं होतं तिनं. शेवाळलेल्या पायऱ्यांवर धरलं, काट्यांत धरलं, एकदा तर भरती चढत असताना कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून धरलं, कारण पलीकडून बाबांचा आवाज यायचा, शून्य सोडायचं नाही, मी सांगेन तेव्हाच सोडायचं. रणांगणावर तर बघायलाही काही नसायचं. उघडं माळरान, एक दगड, आणि त्या दगडापासून ओढ्यापर्यंत रणरणत्या उन्हात टेप घेऊन पळणारी ही. वर्गातल्या मुली सुट्टीत मामाकडे जायच्या आणि ही शत्रूच्या तोफा कुठे होत्या ते मोजायला. गुडघ्यावरची खूण अजून गेली नव्हती.

संताप तेवढ्यावरच थांबला असता, तर तिनं चार शब्द सुनावून पिशवी शिवून दिली असती. पण तिच्या पोटात चाळीस वर्षं एक गोष्ट होती आणि आता ती छापून येणार होती.

ती अकरा वर्षांची असताना एका किल्ल्यावर टेप तोफेच्या गंजलेल्या कडीत अडकला आणि शून्यापासून वीतभर अंतरावर टरकन फाटला. बाबा बुरुजापलीकडे होते. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर तिनं आईच्या पिशवीतली सुई काढून तो शिवला. तिचे ते पहिले टाके. आईनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. फाटलेल्या कडा धड राहिनात, म्हणून तिनं एक तुकडा दुसऱ्यावर दोन इंच चढवला. तेवढी पट्टी आखूड झाली. तेव्हापासून टेपचा प्रत्येक आकडा दोन इंच जास्तीचा यायला लागला. हे तिला वर्षभरात उमगलं, पण बोलायचं धाडस झालं नाही. तीन वर्षं ती तेच खोटं शून्य धरून उभी राहिली. बाबा गेले तेव्हाही तिच्या डोक्यात तेच होतं.

"आकडे चुकलेत तुझ्या पुस्तकातले," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

दादाचा चेहरा उतरला. परवा छपाई, आणि ही आज सांगतेय, असं काहीतरी तो पुटपुटला. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं.

"थांब. वह्यांत समासात काहीतरी लिहिलेलं होतं. कुठे वजा दोन, कुठे वजा चार, वजा सहा. मला अर्थ लागेना, मी गाळून टाकलं."

"कुठल्या किल्ल्यापासून?"

"त्या तोफांच्याच. तिथून शेवटच्या वहीपर्यंत."

टेप एकदा लावला की दोन. दोनदा लावला की चार.

म्हणजे बाबांना त्याच दिवशी कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी तीन वर्षं दर सुट्टीत तिच्याच हातात ते टोक देत होते. एक शब्द बोलले असते तर जीभ झडली असती का? एक थोबाडीत मारली असती तर त्या दिवशीच मिटलं असतं. चाळीस वर्षं तिला आतल्या आत जाळलं आणि स्वतः समासात गुपचूप वजाबाक्या करत बसले. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

"पण कशावरून दोनच इंच?" दादानं विचारलं.

तिनं डबी उघडली, टेपचं टोक त्याच्या हातात कोंबलं आणि त्याला टेबलाच्या कडेशी उभं केलं.

"धर. मी सांगेन तेव्हाच सोडायचं."

टेबल बरोबर आठ फुटांचं होतं. सुतारासमोर उभं राहून तिनं करून घेतलेलं. पलीकडच्या कडेवर टेप आठ फूट दोन इंच दाखवत होता. दादाच्या अंगठ्यापुढे वीतभर अंतरावर निळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते. बाबांना ते उसवून सरळ करून घेता आले असते. त्यांनी एकही उसवला नव्हता.

दादा वाकून टाक्यांकडे बघत राहिला. त्याचा हात अवघडला होता. धाकटीनं त्याला बराच वेळ सोड म्हटलं नाही.

शेवटी तिनं सोड म्हणून मान हलवली. दादानं खिशातून पेन्सिल काढली आणि प्रुफं पुढ्यात ओढली.

"कुठून सुरू करू? त्या तोफांच्या किल्ल्यापासून?"

"पहिल्या पानापासून," धाकटी म्हणाली आणि कात्री उचलली.