अर्धा ख्रिस्तप्रसाद

चर्चमध्ये मुलांना पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकरीची पातळ चकती, मिळण्याआधी मी त्यांचा वर्ग घेते. त्या वर्गात मी दरवर्षी तांदळाची एक भाकरी नेते. पोरांनी ती मोडायची, शेजारच्याला द्यायची आणि मगच खायची. "एकट्यानं खाल्ली तर ती नुसती भाकरी," असं मी सांगते. सेलीनला हा खेळ फार आवडायचा. स्वतःसाठी ती नेहमी सगळ्यात लहान तुकडा ठेवायची.

तिची आई कार्मेला माझीच जुनी विद्यार्थिनी. महिलांसाठी राखीव झालेल्या वॉर्डातून ती नगरपालिकेत निवडून आली, तेव्हा अष्टमी गावातल्या आम्हा मूठभर कॅथलिकांना कोण आनंद झाला होता! सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सभेपुढे ठराव आला. वॉर्डातल्या समाजमंदिरात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं शिबिर भरवायचं होतं. कार्मेलानं हात वर केला आणि ठराव पास झाला.

फादर ज्योकिमनी तिला बोलावलं. ती मलाही सोबत घेऊन गेली.

"असलं ऑपरेशन पाप आहे, ही चर्चची शिकवण तुला ठाऊक नव्हती?" फादरनी विचारलं.

"होती, फादर."

"मग हात वर करताना देवाची आठवण नाही झाली?"

"रंभाची झाली."

रंभा तिची शेजारीण, मिठागरावर कामाला जाणारी. सहाव्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. तिला दवाखान्यात नेलं होतं ते कार्मेलानंच.

फादर वाईट माणूस नव्हते. आवाज न चढवता म्हणाले, "पापनिवेदन कर. पश्चात्ताप झाला, एवढं म्हण. रविवारी लेकीबरोबर ख्रिस्तप्रसाद घे."

"पण झालाच नाय तर कसं म्हणू? पापनिवेदनात खोटं बोलू?" ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हीच शिकवलंत ना, मनातला विवेक म्हणजे देवाचा आवाज?"

"शिकवलं," मी म्हटलं.

"आवाज देवाचा की शेजारणीचा, हे ओळखायलाच तर चर्च आहे," फादर म्हणाले.

तेही मला खोटं वाटेना.

बाहेर रंभा कडेवर पोर घेऊन उभी होती. "काय गो, छड्या मारल्या का तुज्या फादरनं?"

"अजून नाय," कार्मेला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

रविवारी पांढरे झगे घातलेली मुलं आईबापांचे हात धरून रांगेत उभी राहिली. त्यांच्या मागे मी. मला वाटत होतं, लेकरासमोर फादर कार्मेलाला ख्रिस्तप्रसाद नाकारणार नाहीत.

त्यांनी सेलीनच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवला. मग कार्मेला पुढे झाली. तिनं मान वर केली, तोंड उघडलं. फादरनी तिच्या कपाळावर नुसता आशीर्वादाचा क्रूस काढला आणि हात मागे घेतला.

कार्मेलाचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं.

तेवढ्यात सेलीननं आपल्या तोंडातून ओला ख्रिस्तप्रसाद काढला. मोडला. अर्धा आईपुढे धरला.

"जीजस!" मागून कुणीतरी ओरडलं. फादरनी पात्र छातीशी धरलं. तोंडातला ख्रिस्तप्रसाद बाहेर काढणं म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताची विटंबना.

"खा ना, मम्मी. बाई म्हणतात, एकट्यानं खायचं नाय."

कार्मेला गुडघ्यावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "नाय गो बाळा. चोरून नाय घ्यायचा. फादर देतील तवाच घेईन." तिनं दोन्ही तुकडे लेकीला खायला लावले, तिचा हात धरला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

मतही तिनं मागे घेतलं नाही, आणि चर्चही सोडलं नाही. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

आता माझी पाळी होती. फादरनी ख्रिस्तप्रसाद माझ्यापुढे धरला. "ख्रिस्ताचं शरीर."

यावर आमेन म्हणायचं असतं. आमेन म्हणजे मला मान्य आहे, हे मी किती पोरांकडून घोकून घेतलं होतं. तीच पोरं आता माझ्याकडे बघत होती.

मी तोंड मिटलं. फादरना नमस्कार केला आणि शेवटच्या बाकाकडे वळले. कार्मेलानं सरकून जागा दिली.