ओढ्याच्या अलीकडे

आल्विन टॉर्गरसनच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी कुत्रा मागे ढकलायचा, मग लोखंडी पाने, दोरखंड आणि खताची रिकामी पोती बाजूला सारायची, आणि जागा उरलीच तर आपण बसायचं. रेनी श्टूबरला त्याचं काही वाटलं नाही. ती गुरांची डॉक्टर होती, त्याहून घाणीत तिचे दिवस जायचे. काळजी होती ती निराळीच. खासदारकीसाठी पक्षाची उमेदवारी कुणाला द्यायची हे मंगळवारी मतदानाने ठरणार होतं आणि आज शनिवार होता. शहरातला एक वकील तिच्यापेक्षा थोडा पुढे आहे असं सगळे सांगत होते. टेकड्यांतली मतं मिळाली तरच तिचं काही खरं होतं. ती स्वतः पार दक्षिणेकडची, इथलं तिला कुणी ओळखत नव्हतं. म्हणून तर तिने आल्विनला गाठलं होतं.

तिने मतदारसंघाचा नकाशा उघडला तसा तो गुरगुरला.

"मागे टाक तो कागद, डॉक्टरीणबाई! चार खासदार फिरवलेत मी या खोऱ्यांतून. एकालाही नकाशा लागला नाही. अक्कल लागली असती, पण ती माझ्याकडे उसनी द्यायलासुद्धा नव्हती."

रेनी हसली आणि तिने नकाशा कुत्र्याच्या अंगावर टाकला. इथेच चुकलं, पण तेव्हा कुणाला काय कळतं!

वाटेत आल्विनचं तोंड बंद नव्हतं. या वळणावर पहिला विजेचा खांब रोवला तो हाकन सांडेने. त्याआधी कंदिलाच्या उजेडात गाईंच्या धारा काढायच्या. म्हातारा हाकन तीस वर्षं खासदार होता आणि दर पानगळीत आल्विनच्या आईच्या हातची लेफ्सं खायला यायचा, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, वर लोणी-साखर. मग आला रॉली बर्क. धरण आणतो म्हणाला, दोन खोऱ्यांतली माणसं उठवली, आणि धरण काही आलं नाही. लोकांचं डोकं असं फिरलं की त्यांनी थेट दुसऱ्या पक्षाला निवडून दिलं.

"आणि त्याने काय केलं?" रेनीने विचारलं.

"मिरवणुकीत हात हलवला. चांगला हलवायचा हो! बाकी काही नाही."

दोन घरं झाली. दोन्हीकडे कॉफी, दोन्हीकडे दालचिनीचे रोल. इकडची रीतच अशी की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्यांदाच घेतलं तर माणूस अधाशी, आणि तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर शिष्ट. रेनीचं पोट तट्ट फुगलं होतं. पण माणसं गोड होती. आल्विनने खांद्यावर हात ठेवून "ही आपली डॉक्टरीण" म्हटलं की म्हातारे मान डोलवायचे, "तुलाच मत, पोरी" म्हणायचे आणि पटकन खिडकीबाहेर बघायचे.

तिसरं घर आर्डिस लोकेनचं. ही एकटी राहणारी, ऐंशीला टेकलेली, आणि जीभ अशी की पोस्टमनसुद्धा फाटकातूनच पळायचा. आल्विन तिचा बिघडलेला पंप बघायला कोठाराकडे गेला, तशी तिने रेनीचा हात धरून तिला खुर्चीत दाबलं.

"तुला कुणी सांगितलं की नाही अजून?"

"काय?"

"अगं, आम्ही तुझ्या मतदारसंघात नाहीच. चार वर्षांपूर्वी हद्दीची रेघ हलवली ना! ओढ्याच्या अलीकडचं सगळं उत्तरेच्या मतदारसंघात गेलं. तू सकाळपासून ज्यांच्याकडे कॉफी पितेयस, त्यातलं एकही माणूस तुला मत देऊ शकत नाही."

रेनीने हातातला रोल ताटलीत ठेवला.

"मग ते 'तुलाच मत' का म्हणतात?"

"आल्विनसाठी! त्याला माहीत नाही ना. बायको गेली, गाई विकल्या, आता एवढं एकच उरलंय त्याला. सांगू नकोस हं बाई. मोडून जाईल तो." आणि तिने रेनीच्या ताटलीत चौथा रोल टाकला.

आता करायचं काय? ओढा पाच मैलांवर होता, हातात अर्धा दिवस होता. रेनी गाडीत बसली आणि शक्य तितक्या सहज म्हणाली, "आल्विन, ओढ्यापलीकडे जाऊ या का जरा?"

"जाऊ की. आधी हाल्वरसन."

हाल्वरसनकडे तास गेला. "आता पलीकडे?" "आता मोनसेन, दोनच मिनिटं." दोन मिनिटांत मोनसेनची फक्त प्रस्तावना झाली; म्हाताऱ्याने हाकन सांडेबरोबरचा फोटो शोधायला अख्खं कपाट उपसलं. बाहेर पडेपर्यंत उन्हं उतरली होती. आल्विनने गाडी पुन्हा टेकडीकडे वळवली आणि रेनीचा संयम सुटला.

"थांबवा गाडी! हा माझा मतदारसंघच नाही, आल्विन! दिवसभरात मला एक मत मिळालेलं नाही. एकसुद्धा!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आल्विनने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मोडला वगैरे काही नाही.

"माहितीय मला," तो म्हणाला. "मी स्वतः दोनदा उत्तरेच्या उमेदवारांना मत टाकून आलोय."

"काय? अहो, ते सगळे तुमच्यासाठी नाटक करतायत!"

"तेही माहितीय. बिचाऱ्यांना वाटतं मला कळत नाही. मीही वाटू देतो. खरं बोललो तर कुणाच्या घरी कशाला जाऊ आणि कुणी कॉफी कशाला देईल?"

"आणि माझं काय?" रेनीचा आवाज चिरकला. "चार महिने झोप नाही मला. तुमच्या या मायेपायी मी मंगळवारी पडणार!"

आल्विनची मान खाली गेली. मोठे, राठ हात त्याने मांडीवर ठेवले.

"चुकलंच माझं. तू फोन केलास, म्हणालीस, 'मला तुमच्या माणसांकडे न्या.' चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं. माझी माणसं इकडेच आहेत. पलीकडे मी कुणाला ओळखत नाही, तर तुला कुणाकडे नेणार होतो?"

रेनीला रडावं की याला गाडीबाहेर ढकलावं, कळेना. चांगला रागही येत होता आणि जीवही तुटत होता. शेवटी तिने नाक पुसलं.

"उद्या चर्च सुटलं की तयार राहा. पलीकडे जायचंय."

"मी? अगं, तिथे मला कुत्रंसुद्धा विचारत नाही."

"मलाही नाही विचारत. एकाला दोघं."

रविवारी दुपारी ती दोघं ओढ्यापलीकडच्या नव्या वस्तीत उभी होती, कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची एकसारखी घरं, अंगणात सायकली. आल्विन चर्चच्याच कोटात आला होता. पहिल्या दाराशी रेनी पुढे झाली, पण त्याने तिला हाताने मागे सारलं आणि स्वतः दार वाजवलं. कडेवर मूल घेतलेल्या एका तरुण बाईने दार अर्धवट उघडलं आणि संशयाने बघितलं.

आल्विनने टोपी काढली. चाळीस वर्षं तो दारोदार फिरला होता आणि स्वतःचं नाव सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"बाई," तो घसा खाकरून म्हणाला, "मी आल्विन टॉर्गरसन. तुम्ही मला ओळखत नाही."