नकाशातला गुंता

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली आर्णीत माहा नकाशाचा क्लास सुरू होता. गावात विहिरी कुठं, पाणी कुठं, हे बायांनी कम्प्युटरवर दाखवायचं, मंग संस्था तिथं बांध घालून देणार. सॉफ्टवेअर फुकटचं अन् चांगलं. पण त्याच्यासंगं शिकायले जो नमुना येते तो परदेशातला. तिथल्या नद्यांची नावं वाचताना जीभ वळेना. पहिली बॅच चहा पिऊन गेली ते वापसच आली नाई. संस्थेच्या यवतमाळच्या साहेबांनी साफ सांगतलं, "नुजहत, ही बॅच टिकली तं ठीक, नाईतर क्लासले कुलूप." मले पुन्हा शिलाई मशीनवर बसायचं नव्हतं.

म्हून ठरवलं, नमुनाच आपल्या इकडचा बनवू. सॉफ्टवेअर अन् नव्या बॅचच्या बंजारा तांड्याचा नकाशा, दोन्ही एकाच पेनड्राइव्हमधी. घरांचे, विहिरींचे ठिपके मी टाकले. विहिरीची वाट तेवढी राह्यली होती. तांड्यातल्या रामीबाईच्या हाती माहा मोबाईल देला, मानूस चालंल तशी नकाशावर रेघ काढणारं रेकॉर्डिंग त्यात सुरू केलं. क्लासचं सगळं रडगाणंही तिले ऐकवलं. म्हटलं, "मावशी, घरून निघा अन् नाल्याच्या विहिरीवर सरळ जा. कुठं थांबू नका."

मोबाईल वापस आला. कम्प्युटरवर पायते तं काय, अर्ध्या रस्त्यात रेघेचा नुसता गुंता. माहं डोकंच फिरलं. बाई चालली का नाचली? नमुन्यातच असा घोळ, तं नव्या मानसानं काय समजावं? तेवढाच गुंता काढाले गेली तं अख्खी रेघच गायब, कशीबशी वापस आणली. क्लासची वेळ झालती. तसाच नमुना सगळ्या पेनड्राइव्हवर टाकला अन् अल्लाचं नाव घेतलं.

तांड्यातल्या बाया आल्या, बसल्या, नकाशा उघडला. एकदोघींची नजर दाराकडे जाऊन राह्यली होती.

तेवढ्यात रामीबाईची सून उज्ज्वला पुढं वाकली. तिनं गुंत्यावर बोट ठेवलं अन् हसाले लागली.

"मॅडम, हे तं आमचं सेवाभायाचं मंदिर. माही सासू देवाले फेरी मारल्याबगर तिथून पुढं जातच नाई."

"मंग त्याच्या बाजूचा ठिपका माहं घर," विमलताई म्हणाली.

झालं. ज्याची त्याची घरं सापडाले लागली, माऊसची ओढाताण सुरू झाली. चहा आला तरी कोणी उठेना. मी मागच्या खुर्चीवर बसली. इतकं हलकं वाटलं का डोळेच भरून आले.

संध्याकाळी रामीबाई सुनेले न्यायले आली. मी तिले तो गुंता दाखवला.

"पण मावशी, एका फेरीचा इतका गुंता कसा काय?"

ती म्हणाली, "माही तं रोजची एकच फेरी असते, माय. बाकीच्या तुह्या क्लाससाठी मारल्या."