चौथा बोल्ट

लाल डबा गॅरेजमधल्या फळीवर होता. तिथे तो असायला नको होता.

शशिकांत आवटी झाडू घ्यायला म्हणून गॅरेजमध्ये आला होता आणि झाडूला हात लावायचं विसरून त्या डब्याकडे बघत उभा राहिला. डब्यात टॉर्कचा पाना होता. बोल्ट हवा तेवढा घट्ट झाला की 'टक्' असा आवाज देणारा, त्याच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा पाना. गेली बावीस वर्षं हा डबा व्हॅनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे राहत आला होता. घरात तो कधीच येत नसे.

मग काल सुश्रुतच्या गाडीचे बोल्ट आवळले कशाने?

 शशिकांतने कालचा दिवस पहिल्यापासून आठवून बघितला. नऊला सुश्रुतच्या घरी पोहोचलो. मागचा बंपर उतरवला. त्याच्या बायकोने, कस्तुरीने आल्याचा चहा दिला, कप निळा होता. टोबार उचलून गाडीच्या सांगाड्याला लावला, चारही बोल्ट हाताने फिरवून अडकवले. आणि मग? मग एकदम लीड्सच्या रिंग रोडवरची भुरभुर, वायपर, घर. मधलं काहीच हाताला लागेना.

टोबार म्हणजे गाडीच्या मागे बसवायचा लोखंडी दांडा. त्याच्या टोकाच्या गोळ्याला कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, अडकवायचं. टनाहून जास्त वजन त्या चार बोल्टांवर. सैल बोल्ट लगेच निखळत नाही, हेच त्याचं वाईट. तो आधी थरथरतो, आपलं भोक मोठं करत राहतो, आणि मग एखाद्या उतारावर सोडून देतो.

आणि आज शनिवार होता. सुश्रुत, कस्तुरी आणि त्यांची पाच वर्षांची मायरा सकाळी आठला कॅरव्हॅन घेऊन फायलीच्या समुद्रावर निघणार होते. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

त्याने सुश्रुतला फोन लावला. व्हॉइसमेल. आणखी पाच वेळा लावला. दर वेळी व्हॉइसमेल. त्याची बायको अरुणा स्विमिंगला गेली होती, तिचा फोन लॉकरमध्ये असणार. पोलिसांना कळवावं असं एकदा मनात आलं. पण त्यांना सांगणार काय? बोल्ट आवळले की नाही ते मला आठवत नाही म्हणून?

त्याने डबा उचलला आणि व्हॅन काढली.

एकवीस वर्षांपूर्वीच्या, दहा वर्षांपूर्वीच्या गाड्या त्याला डोळ्यांसमोर दिसत. अरुणाला मिरजेहून लीड्सच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तो पंपाच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून तिच्यामागे आला होता. इथे एका वर्कशॉपमध्ये टोबार बसवायला शिकला, पुढे स्वतःची व्हॅन घेऊन लोकांच्या दारात जाऊन काम करू लागला. एकाही गाडीची तक्रार आली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी सुश्रुतकडे पहिल्यांदा गेला तेही त्याला लख्ख आठवत होतं. पुण्याचा पोरगा, सॉफ्टवेअरमधला. ऑनलाइन बघून एक टोबार निवडून बसला होता.

"काका, याला फोर पॉइंट सेव्हन स्टार्स आहेत," तो म्हणाला होता.

"स्टार्स राहू देत. इकडे ये." शशिकांतने त्याला गाडीचं दार उघडून आतली धातूची पट्टी दाखवली होती. "गाडी किती ओढू शकते ते इथं लिहिलंय. तुझा टोबार याच्यात बसत नाही. आणि काढता येणारा घे. नाहीतर रिकामी गाडी मागे घेताना सेन्सर रोज बोंबलत बसेल."

कस्तुरी तेव्हा दारातच उभी होती. "मला ही आयडियाच नको होती," ती म्हणाली होती. "मागे एवढं मोठं काहीतरी लटकतंय, आणि पुढे आम्ही."

"माझ्यावर सोड," शशिकांत तिला म्हणाला होता.

आता ते वाक्य त्याच्या कानात वाजत होतं. यॉर्क मागे पडलं.  समोर एखादी कॅरव्हॅन दिसली की तो जवळ जाऊन नंबर वाचत होता. एक आजोबांची निघाली, एकीच्या मागच्या खिडकीत कुत्रा होता.

माल्टनच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे वळणापलीकडे निळे दिवे फिरत होते.

 रांग वीतभर सरकायची आणि थांबायची. मायराचं काल काय चाललं होतं ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. ती घरात होती का शाळेत? तेही आठवेना. माणूस मारल्यावर काय वाटतं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. गवतावर काहीतरी पांढरं तिरकं उभं होतं. तो ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत राहिला आणि व्हॅन पुढे सरकत राहिली.

ती घोडा न्यायची ट्रॉली होती. टायर फुटलेला. एक बाई लगाम धरून उभी होती आणि घोडा शांतपणे गवत खात होता.

तेवढ्यात फोन वाजला. सुश्रुत.

"काका, सहा मिस्ड कॉल्स? सॉरी, फोन सायलेंटवर होता. मायराला उलटी झाली म्हणून ले-बायमध्ये थांबलोय. माल्टनच्या पुढे, टी-व्हॅन आहे ना, तिथे."

"हलू नको," शशिकांत म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "गाडी जागची हलवू नको. मी आलोच."

ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर, तो पोहोचला तेव्हा सुश्रुत चहाचा कागदी कप घेऊन उभा होता. मायरा मागच्या सीटवर झोपली होती. कस्तुरी धावतच पुढे आली.

"काय झालं काका? काही प्रॉब्लेम आहे ना? खरं सांगा."

"बघू दे मला आधी."

त्याने ओल्या डांबरावर चटई टाकली आणि पाना घेऊन गाडीखाली सरकला. टॉर्च पेटवला. चारही बोल्ट जागेवर होते. प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ होती, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर ओढलेली. बोल्ट पूर्ण आवळल्यावर खूण म्हणून तो अशी रेघ ओढत असे. त्याने पहिल्याला पाना लावला. टक्. बोल्ट तसूभरही फिरला नाही. दुसरा, टक्. तिसरा. चौथा.

शशिकांतने डोळे मिटले.  मग पुन्हा बघितलं. तीन रेघा सरळ होत्या, त्याच्या हातच्या. चौथी वाकडीतिकडी होती.

"सगळं ठीक आहे," बाहेर येत तो म्हणाला. "पण ती चौथी रेघ..."

"माझी आहे ना ती!" कस्तुरी हसली. भीती गेल्यावर माणूस जरा मोठ्यानेच हसतो, तशी. "किती भयानक काढलीय. पण काका, मी तुमचं नाव सगळ्यांना सांगितलंय. मी केवढी रडत होते काल, आणि तुम्ही म्हणालात, ज्याला जास्त भीती वाटते त्यानेच शेवटचा बोल्ट आवळायचा. मला त्या मॅटवर झोपवलंत, पाना हातात दिलात. टक् झाल्यावर म्हणालात, झालं, आता हे तुझ्या हातचं काम, आता बिनधास्त झोप. आणि मी खरंच झोपले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा." तिने त्याच्याकडे बघितलं. "आठवतंय ना?"

शशिकांतने शोधलं. रडणारी कस्तुरी, चटईवर झोपलेली, तिच्या हातात पाना. हे सगळं जिथे असायला हवं होतं तिथे नुसतं कोरं होतं.

"आठवतंय की," तो म्हणाला. "उगाच एकदा बघून गेलो. म्हातारपण, दुसरं काय."

"काका, यू आर अ लेजंड," सुश्रुत म्हणाला. "चहा घ्या ना."

"नको. तुम्ही निघा. हायवेला घाई करू नको, उतारावर ब्रेक हळू."

कॅरव्हॅन डुलत रस्त्याला लागली आणि सरळ, नीट निघून गेली. शशिकांत ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. येताना वाटत होती ती भीती दुसऱ्यांच्या जिवाची होती. तिच्या मागे धावता तरी येत होतं.

व्हॅनमध्ये बसल्यावर अरुणाचा फोन आला.

"अहो, कुठे आहात? गॅरेज सताड उघडं टाकून?"

त्याने सगळं सांगितलं. डबा, रस्ता, घोडा, बोल्ट. "बोल्ट घट्ट होते अरुणा. मीच आवळलेत. मला आठवत नाही."

 ती म्हणाली, "डबाही तुम्हीच आणलात काल घरात. मी विचारलं, हा आत कशाला? तर म्हणालात, पुसून ठेवतो."

"हे पण?"

"सहा महिने झाले, तुम्ही विसरताय हे मला कळतंय."

"नर्स आहेस तू. सांगायचं नाही?"

"पेशंटला सांगितलं असतं हो," अरुणाचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला कसं सांगू? मलाच भीती वाटत होती."



"व्हॅन चालवू नका," मग ती म्हणाली. "मी ट्रेनने माल्टनला येते, तिथून टॅक्सी करते. तिथेच थांबा."

थांबण्यापूर्वी एक काम उरलं होतं. सोमवारी जेरेमी म्हणून एका गृहस्थाच्या गाडीला टोबार बसवायचा होता, बोटीच्या ट्रॉलीसाठी. शशिकांतने त्याला फोन करून इंग्रजीत सांगितलं, की मी येऊ शकणार नाही, राज नावाच्या फिटरचा नंबर देतो, त्याला मीच शिकवलंय, हात चांगला आहे.

"बरा आहेस ना शशी?" जेरेमीने विचारलं. "मग पुढच्या आठवड्यात ये. मी थांबतो."

"नाही," शशिकांत म्हणाला. "राजच करेल."

साडेबाराच्या सुमारास टॅक्सी आली. अरुणा उतरली आणि घाईघाईने व्हॅनच्या ड्रायव्हरच्या दाराशी गेली. सीट रिकामी होती. सीटवर किल्ली ठेवलेली होती. शशिकांत डावीकडच्या सीटवर बसला होता, पट्टा लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

अरुणाने ही व्हॅन कधी चालवली नव्हती. ती आत बसली, सीट पुढे ओढली, किल्ली फिरवली.

"क्लच जरा वर धरतो," शशिकांत म्हणाला. "हळू सोड."