हनुवटीवरचे तीन ठिपके

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे, आणि मला जुना म्हटल्याचा मुळीच राग येत नाही. वडगावच्या भीमरावांनी मला बारा वर्षांपूर्वी घेतले. माझा कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा, फोटो जेमतेम दोन एमबीचा. आता घरात पन्नास मेगापिक्सेलचे धाकटे महाराज आले आहेत. त्यांचा एकेक फोटो बारा एमबीचा! उजेड कमी असला की माझे फोटो दाणेदार यायचे, त्यांचे मात्र लख्ख येतात. चांगल्याला चांगले म्हणावे.

पण भर उन्हात मीही काही कमी नव्हतो हं. खडकवासल्याला कणीस खाताना भीमरावांनी माझ्यावर पत्नीचा, सोजरबाईंचा, फोटो काढला. त्यांच्या हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके त्यात अगदी स्पष्ट आले.

नवा फोन आला तेव्हा मुलगी उत्कर्षाने माझे सगळे फोटो व्हॉट्सअॅपवरून त्याला पाठवले आणि मला खणात टाकले. तिथेच घोळ झाला. वाटेत दोन एमबीचा फोटो आक्रसून दीडशे केबीचा झाला. एवढ्याशा पडद्यावर ते कुणाला कळणार?

गेल्या वर्षी सोजरबाई गेल्या. पहिल्या स्मृतिदिनाला त्यांचा मोठा फोटो भिंतीवर लावायचा म्हणून भीमराव नवा फोन घेऊन शनिवार पेठेतल्या एका स्टुडिओत गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "आजोबा, हा फोटो आहे की अंदाज?" मग त्यांनी तो जमेल तसा साफ करून छापला. भीमरावांनी घरी येऊन तो उत्कर्षापुढे ठेवला. डाग समजून ठिपकेच पुसले गेले होते.

नेमकी त्याच सकाळी जुन्या मोबाईलवर टब देणारी बाई दारावर आली होती, आणि उत्कर्षाने मला देऊन लाल टब घेतला होता. माझी किंमत एक टब! वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? बाबांचा चेहरा पाहून तिला चूक उमगली. टब काखेत मारून ती तीन गल्ल्या धावली आणि मला परत घेऊन आली. घाईत माझ्यातले फोटो पुसायचे राहिले होते, तेवढेच नशीब.

तासभर चार्जिंगला लावल्यावर मी जागा झालो. स्टुडिओतल्या गृहस्थांनी वायर लावून मूळ फोटो उतरवून घेतला आणि सवयीने विचारले, चेहरा थोडा उजळ करू का?

"काही करू नका," भीमराव म्हणाले. "तिच्या आईने गोंदवून घेतलं होतं ते. आहे तशीच राहू द्या तिला."

म्हणून सांगतो मित्रांनो, जुना फोन कुणाला देण्याआधी त्यातले फोटो पूर्ण आकारात उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपवरच पाठवायचे असतील, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग खुशाल टब घ्या.

रविवारी फोटो भिंतीवर लागला. भीमरावांनी चष्मा लावला, जवळ जाऊन बोटाने ठिपके मोजले. तीन होते. वर्षभरात ते पहिल्यांदाच रडले.