घुंगरांचं नेट

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बॅडमिंटनच्या नेटला घुंगरं बांधतात. हसू नका. आमचे हे, बाबुराव, तरुणपणी जाखडी नाचायचे, त्यांच्या पायातली आहेत ती. खेळताना रॅकेट, हात, ओढणी, काहीही नेटला लागलं की पॉइंट गेला, हा नियम. पण आमची पोरं कसली बिलंदर, लागलं तरी नाही म्हणून छातीठोक सांगणारी. म्हणून ह्यांनी ही शक्कल काढली. घुंगरं वाजली की ह्यांची शिटी, मग कोणाची बोलायची टाप नाही. शटल वरच्या पट्टीला घासून पलीकडे पडलं तर मात्र तो फॉल्ट नाही. शटल लागलं तर घुंगरं जराशी किणकिणतात, रॅकेट अख्खी पट्टी हलवते, असं हे सांगायचे.

पुढे डायबिटीसने ह्यांचे डोळे गेले. तरी पंचाची खुर्ची सोडली नाही, कानांवर भागवायचे. यंदा मंडळाचा मयूर म्हणाला, काका, आता मोबाइलवर शूट करू, तुम्ही आराम करा. हे त्या रात्री ताटावरून उठले. मग मी मयूरला गॅलरीत गाठून असा झाडला की खुर्ची परत मिळाली. मेल्याला कळायला नको? त्या खुर्चीशिवाय ह्यांना उरलं होतं तरी काय?

फायनलला श्रेया आणि दीपिका. श्रेया आमच्या शेजारची, एक नंबरची भांडकुदळ. नेटवर आडवी पडली असती तरी ह्यांच्याशी हुज्जत घातली असती तिने. दोघी बरोबरीत आल्या, आता जी पॉइंट घेईल तिचा कप. श्रेयाने शटल अलगद सोडलं, ते पट्टीला घासून पलीकडे पडलं. जिंकली पोर, असं मी म्हणणार, तोच ह्यांनी शिटी मारली.

"फॉल्ट. श्रेया, रॅकेट लागली."

रॅकेट नेटपासून हातभर लांब होती, सगळ्यांनी पाहिलं होतं. मयूरने मोबाइल वर धरला. श्रेयाने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

"हो काका," ती म्हणाली, "लागली."

कप दीपिकाला गेला. टाळ्या कोणी धड वाजवल्या नाहीत. देव तुझं भलं करो गं बाय, असं मी मनात म्हटलं.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. हे कॉटवर बसून होते.

"शटलच लागलं होतं ना?" ह्यांनी विचारलं.

मी फटकळ बाई, ह्यांच्याशी उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. पण म्हटलं, "रॅकेटच होती. पोरीने कबूल केलं ना?"

"म्हणून तर विचारतोय. ती भांडली का नाही?"

ह्यांनी गळ्यातली शिटी काढून माझ्या हातात दिली, मयूरला नेऊन दे म्हणाले. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून रडले. ह्यांचे कान अजून तिखट आहेत.