वारा लागेल म्हणून

पौषातली सकाळ घाटमाथ्यावर उतरली ती ओलसर, राखाडी, आजाऱ्याच्या डोळ्यांसारखी. नाचणीची कापलेली शेतं दवाने काळवंडलेली, करवंदीच्या जाळ्यांवर कोळिष्टकं लोंबलेली, आणि सूर्य नावाचा एक पिवळट डाग धुक्याआड नुसताच रेंगाळलेला. कौतुक करावं असं त्या सकाळीत काहीच नव्हतं.

त्यात तो वास. आंबूस, चिकट, गोडसर-कुजका. द्वारकाबाईंच्या परसातल्या खोलीतून तो निघाला, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात शिरला आणि उकळत्या चहावर येऊन बसला. द्वारकाबाईंनी सगळा चहा मोरीत ओतून दिला.

परसातल्या खोलीत त्यांच्या लेकीची, केतकीची, धिंगरी अळिंबी, म्हणजे खायच्या मशरूमची लागवड, होती. सातव्या महिन्यात माहेरी आलेली केतकी स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हे. तिने भाताचं पिंजार भिजवलं, उकडलं, पारदर्शक पिशव्यांत दाबून भरलं, बियाणं पेरलं आणि वीस पिशव्या आढ्याला टांगल्या. प्रत्येक पिशवीला दाभणाने छिद्रं पाडली. आईला बजावून सांगितलं, की आत शुभ्र तंतू वाढतात आणि ते आपल्यासारखाच श्वास घेतात. ताजी हवा ओढतात, वापरलेली सोडतात. ती वापरलेली हवा जड असते, तळाशी साचते. तिला जायला वाट हवी, नवीला यायला वाट हवी.

द्वारकाबाईंनी मान डोलावली होती आणि मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. बुरशी ती बुरशी, तिचे कसले एवढे लाड!

मग बाळ आलं, आणि घरातली एक खोली बाळंतिणीची झाली. दार बंद, खिडकी बंद, फटीफटीत चिंध्या. शेगडीत धगधगते निखारे, निखाऱ्यांवर ओवा, शेपा, धूप. धुराने पिवळ्या पडलेल्या त्या अंधारात आंबलेलं दूध, शिळं तेल, घाम आणि ओले लंगोट यांचे वास एकमेकांत कालवले गेले होते. आत पाऊल टाकताच घशाशी यावं अशी ती खोली, आणि तिला म्हणायचं माया.

त्याच मायेने द्वारकाबाईंनी आठ दिवसांपूर्वी पिशव्यांची छिद्रंही चिकटपट्टीने बंद केली होती. बुरशीचा वारा बाळाला लागायला नको. आणि काल गारठा वाढला, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीचा उरलासुरला झरोका त्यांनी जुन्या लुगड्याचा बोळा कोंबून बुजवला.

आज केतकीचं डोकं ठणकत होतं. हातपाय शिशाचे झाले होते. अकरा दिवसांचं, अजून नावही न ठेवलेलं लेकरू पहाटेपासून दूध ओढत नव्हतं. तोंडाशी धरलं की दोन घोट घेई आणि मान टाकी.

"आई, झरोका उघड गं जरा," केतकी तिसऱ्यांदा म्हणाली.

"गप पड. वारं लागलं तर जन्माचं दुखणं हुईल."

आणि द्वारकाबाई तरातरा परसात गेल्या, त्या दुर्गंधाचा एकदाचा निकाल लावायला.

नाकाला पदर लावून त्यांनी खोली उघडली. शी! पिशव्यांच्या आतून घाम फुटला होता. शुभ्र तंतूंचं शेवाळी लगद्यात रूपांतर झालं होतं. तळाशी तपकिरी, फेसाळ पाणी साचलं होतं आणि शिवणीतून थेंब थेंब ठिबकत होतं. त्यावर चिलटं, चिलटांवर चिलटं. बोट लागलं, तर बोटाला तार सुटली. द्वारकाबाईंनी ते भिंतीला पुसलं.

एकाच पिशवीची पट्टी ओलीने जरा सुटली होती. त्या इवल्या फटीकडे आतून अळिंबी धावली होती. एरवी शिंपल्यासारखी डवरायची ती धिंगरी, पण टोप्या मोहरीएवढ्या आणि देठ वीतभर लांब, फिके, लिबलिबीत. सगळे एकाच दिशेने वाकलेले, सगळे त्या फटीला तोंड लावून मेलेले.

तीच पिशवी उचलून द्वारकाबाई लेकीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "ही बघ तुझी शेती! माणसानं राहावं का असल्या घाणीत?"

केतकीने धुरातून डोळे बारीक करून पिशवीवरची चिकटपट्टी पाहिली. "छिद्रं बुजवलीस तू."

"बुजवणार न्हाई तर काय करणार?"

"ह्यांच्या माना बघ, आई," तिची जीभ जड झाली होती. "हवा मिळेना की अशाच लांबतात. आपलाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा ओढून मरतात."

द्वारकाबाई काहीतरी तिखट बोलणार होत्या. तेवढ्यात त्यांची नजर कुशीतल्या लेकराकडे गेली. हनुवटी वर, मान ताणलेली, तोंड उघडं. ओठ जांभळट.

पिशवी हातातून पडली आणि तो कुजका पाझर त्यांच्या पावलांवर पसरला. त्यांना त्याची शुद्ध नव्हती. त्यांनी शेगडी उघड्या हातांनी उचलली, दाराला लाथ घातली, निखारे अंगणात भिरकावले. झरोक्याचा बोळा ओढला. खिडकीच्या चिंध्या ओढल्या, एक, दोन, सात, अकरा. काजळीने काळ्या, तेलाने चिकट, प्रत्येक त्यांनी आपल्या हाताने खोचलेली. त्या हातांची त्यांना किळस आली. पोळलेल्या बोटांपेक्षा ती किळस जास्त झोंबली.

खिडकी धाडकन उघडली. डोंगरावरचा गार, कोरा, निर्दय वारा आत घुसला. द्वारकाबाईंनी केतकीला उठवून भिंतीला टेकवलं, लेकरू दुलईत गुंडाळलं आणि खिडकीत त्याचं तोंड वाऱ्याकडे धरलं.

"घे गं बाई," त्या नातीला म्हणाल्या, "घे, घे."

लेकरू हललं नाही. मग शिंकलं. मग कळवळून, लालबुंद होऊन, घर डोक्यावर घेत रडलं. द्वारकाबाईंनी त्याला गप केलं नाही. त्या गारठ्यात त्या इवल्या तोंडातून वाफेचा एक पुंजका बाहेर पडला आणि विरला, पुन्हा पडला, पुन्हा विरला, पुन्हा पडला.